एकेचाळीस गिऱ्हाइकं

खोलीत खुर्च्या तीस आणि माणसं दोन!

बाहेर पाऊस असा लागला होता, जणू त्याला दुसरं काही कामच नाही. दुपारचे तीन वाजले होते, तरी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दिवे लावावे लागले होते, आणि त्यातला एक दिवा लुकलुक करून अगदी जीव नकोसा करत होता. दारावर कागद डकवलेला – 'छोट्या धंद्यांसाठी ई-मेल : कोणती सेवा निवडाल? मोफत मार्गदर्शन.' मोफत असूनही कुणी फिरकलं नव्हतं. मार्गदर्शन करणारे साहेबसुद्धा!

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तो शेवटच्या रांगेत. निथळत होता नुसता. आणि मांडीवर दोन्ही हातांनी एक प्लास्टिकची पिशवी अशी धरून बसला होता, की कुणी धक्का दिला तर जगबुडीच होईल.

ती वळून बघत होती... बघत होती... आणि पिशवीत काहीतरी हललं.

"अगं आई!" ती ओरडलीच.

"घाबरू नका. चावत नाही."

"मासा आहे?"

"हो."

"मार्गदर्शनाला मासा घेऊन आलात?"

"गिऱ्हाईक घरी नव्हतं. याला एकट्याला कुठे सोडू?" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला हसू आवरेना.

"म्हणजे तुम्ही मासेवाले?"

"तसं म्हटलं की लोक किलोचा भाव विचारतात. मी बघायचे मासे विकतो. खायचे नाही." मग जरा थांबून – "तुम्ही?"

"बटणं."

"फक्त बटणं?"

"चेन, हुक, लेस, दोरे... पण मुख्य म्हणजे बटणं. आत्याचं दुकान आहे."

त्याने नकळत स्वतःच्या शर्टावर हात ठेवला. वरून दुसरं बटण नव्हतं.

"झाकू नका," ती म्हणाली, "ते मी आत आल्या आल्याच पाहिलंय."

तो लाजला. खरंच लाजला! कान लाल झाले. आणि तिला वाटलं, चला, पावसात आल्याचं काहीतरी सार्थक झालं.

तेवढ्यात वाचनालयाच्या बाई वर आल्या. "साहेब काही येत नाहीत आता. पुराच्या पाण्यात गाडी अडकलीय त्यांची. हे कागद आधीच पाठवले होते, हवे तर न्या." कागदावर पाच सेवांची नावं होती आणि खाली मोठा तक्ता. महिन्याला किती पत्रं, खर्च, आपली लिपी नीट दिसते का, पत्र स्पॅममध्ये जातं का, कुणी उघडलं ते कळतं का... आणि सगळे रकाने कोरे! सगळेच्या सगळे!

"म्हणजे आपणच भरायचे?" तो म्हणाला.

"दिसतंय तरी तसंच."

दोघं त्या कोऱ्या तक्त्याकडे बघत बसले, आणि मग गोष्टी निघाल्या. तिच्या आत्याच्या दुकानासमोरचा रस्ता गटारासाठी खणून ठेवला होता. सहा महिने झाले. दुकानात यायचं तर चिखलावर टाकलेल्या फळीवरून कसरत करत यावं लागे. बावीस वर्षांची ती फळीवरून पळत जायची, पण शिंप्यांचे पाय कापायचे. त्याचं दुकान तर त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीच्या तळघरात. त्याच्या जागेचा करार पाऊस संपता संपता संपत होता. मालक म्हणाला होता, एक तर पूर्ण वर्षाचा करार करा, नाहीतर जागा रिकामी करा.

"आणि रिकामी केली तर?"

"ताईच्या गावी. तिच्या ओळखीने माशांच्या पैदास केंद्रात नोकरी आहे. ती म्हणते, जमत नाहीये तर हट्ट कशाला?" तो पिशवीतल्या माशाकडे बघत म्हणाला, "तीन महिने आहेत. पत्रं पाठवून गिऱ्हाईक वाढलं तर राहीन. नाही वाढलं, तर जाईन."

इतकं साधं होतं ते. राहीन, नाहीतर जाईन. आणि ज्या माणसाला भेटून पुरता तासही झाला नव्हता, त्याचं 'जाईन' तिला इतकं का नको झालं, हे तिला तेव्हा काही केल्या कळलं नाही.

*

ठरलं असं – पाचही सेवा पहिले दोन महिने फुकट वापरायला देत होत्या, तर दोघांनी मिळून सगळ्या वापरून बघायच्या. एकमेकांनाच चाचणीची पत्रं पाठवायची. आणि दर गुरुवारी चार वाजता वाचनालयात बसून तक्ता भरायचा. सेवांची लांबलचक नावं कोण लक्षात ठेवणार? त्यांनी चित्रांवरून नावं पाडली. कबूतर, देवमासा, नारिंगी लखोटा, कागदी विमान. आणि पाचवीला चित्रच नव्हतं म्हणून ती 'बिनचेहऱ्याची'.

"देवमासा मी घेतो," तो म्हणाला.

"अर्थात! जातभाई ना तुमचा."

"देवमासा मासा नसतो, बटणवाली बाई."

"मग नावात खोटं सांगतो तो. त्याला तक्त्यात एक गुण कमी."

पहिलं पत्र तिने पाठवलं, बिनचेहऱ्याच्या सेवेतून. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं. 'तुमचं पत्र मिळालं. सगळी अक्षरं चौकोन होऊन आली. एकूण दोनशे सहा चौकोन. पण चौकोन गोड होते.' ती दुकानातल्या जुन्या काँप्युटरसमोर बसून एकटीच हसली, आणि आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे असं काही पाहिलं, की विचारू नका.

आत्या म्हणजे काय चीज होती! सबंध भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर आतलं बटण नमुन्याला टाचलेलं, आणि आत्या डोळे मिटून सांगायची, कुठल्या खणात काय. माणसंही तशीच ओळखायची ती.

"कोण आहे?" आत्याने विचारलं.

"कोण कुठे कोण? सेवा तपासतेय."

"सेवा तपासताना गालावर खळी पडते वाटतं?"

मग पत्रं सुरूच झाली. त्याच्या पत्रात मासे असायचे. आज पट्टेवाल्याने शेजारणीशी भांडण काढलं... आज नव्या टाकीत पाणी भरलं आणि दिवसभर नुसतं त्याच्याकडे बघत बसलो... आज गिऱ्हाईक एकच आलं, तेही पाऊस चुकवायला. शेवटचं वाक्य नेहमी असं यायचं. तो हसत हसत लिहायचा, आणि शेवटी कुठेतरी पाय घसरल्यासारखं ते वाक्य पडायचं. ती पत्र पुन्हा उघडायची. पुन्हा वाचायची. ते वाक्य तिथे नसेल तर बरं, असं वाटून पुन्हा उघडायची.

चौथ्या गुरुवारी तो आला तो ओठ दाबून हसतच.

"कबुतराचा रिपोर्ट बघितलात का तुम्ही?"

"नाही बाई. का?"

"कबूतर सगळं सांगतं. पत्र कुणी उघडलं, कधी उघडलं, कुठल्या भागातून उघडलं..." त्याने खिशातून कागद काढला. "माझं मंगळवारचं पत्र. तुम्ही उघडलंत – एकोणीस वेळा."

आता जमीन फाटावी आणि आपण पोटात जावं! तिचे गाल इतके तापले, की दिवा विझला असता तरी उजेड पडला असता.

"ते... आत्या उघडते."

"आत्या? एकोणीस वेळा?"

"तिला मासे आवडतात."

"बरं बरं. आत्यांना सांगा, पट्टेवाल्याचं आणि शेजारणीचं मिटलं. उगाच जिवाला घोर नको."

तिने त्याला वहीने मारलं. हळूच. पण मारलंच. खिडकीवर पाऊस वाजत राहिला, आणि तक्त्यात त्या दिवशी एकही रकाना भरला गेला नाही.

*

पण एवढ्यावर गोष्ट सुखाची व्हायला हवी होती ना? नाही झाली.

आत्याचं दुकान मात्र पत्रांनी उचललं. शिंपी कापडाचा फोटो पाठवायचे, आत्या बटण निवडायची, ती पाकिटात भरून पाठवायची. "हे झकास आहे," आत्या म्हणाली, "गिऱ्हाईक येतं आणि चिखल बाहेरच राहतो!"

त्याचं उलटं. मासा काय पाकिटात भरून पाठवता येतो? मासा बघायला लागतो. डोळ्यासमोर तो वळला, शेपूट हलली, की माणूस म्हणतो – हा द्या. आणि बघायला यायचं तर चिखल तुडवायचा, फळीवर तोल सांभाळायचा, मग तळघराच्या अंधाऱ्या पायऱ्या. त्याच्या यादीत चारशे बारा पत्ते होते. पहिलं पत्र शहाण्णव जणांनी उघडलं. दुसरं एकाहत्तर. तिसरं अडतीस.

त्या गुरुवारी त्याने आकडा सांगितला. ओली छत्री पायाशी ठेवून नुसता बसून राहिला. नेहमी बडबड करणारा माणूस गप्प बसला की खोली केवढी मोठी होते!

"पुढच्या वेळी वाढेल," ती म्हणाली.

"हं."

"अहो, पाऊस आहे. लोकांचा मूड नसतो."

"ताईचा फोन होता," तो म्हणाला. "विचारत होती, तिकडे खोली बघून ठेवू का."

ती दुकानात परत आली. आत्या मागच्या खोलीत जरा आडवी झाली होती. काँप्युटर चालू होता. आणि तिने, अगदी सहज, म्हणजे विचार असा काही केलाच नाही, एक नवा पत्ता उघडला. त्याच्या यादीत नोंदवला. 'मी एक निवृत्त शिक्षक. घरात एकटाच असतो. सोबतीला मासे पाळावेत म्हणतो. कृपया माहिती पाठवत जा.'

बस्. एक.

पुढच्या गुरुवारी तो पायऱ्या दोन दोन करत वर आला. "ऐका, ऐका! एक नवीन आले. शिक्षक आहेत. केवढं सुंदर लिहिलंय त्यांनी! मी त्यांना काल दोन पानं पत्र लिहिलं, एकट्या माणसाने कुठला मासा घ्यावा त्यावर." डोळे नुसते चमकत होते त्याचे. महिन्याभरात पहिल्यांदा.

आता सांगा, तिथे कोण काय बोलणार?

त्या आठवड्यात शिक्षकांच्या पाठोपाठ एक नवी लग्न झालेली आली. मग बोलायला उशीर लागलेल्या मुलाची आई. मग एक दंतवैद्य, दवाखान्यात टाकी हवी म्हणून. ती दुपारी आत्या पडली की बसायची, आणि एकेका खोट्या माणसाला खरी खरी कारणं द्यायची. त्याचं पत्र आलं की सगळ्यांच्या वतीने उघडायची, लिंकवर बोट दाबायची. रोज थोडी भीती वाटायची, आणि रोज थोडी गंमतही. त्या माणसांच्या तोंडून तिला विचारता यायचं, जे स्वतःच्या तोंडून जमत नव्हतं. नव्या नवरीने एकदा लिहिलं, 'तुम्ही माशांबद्दल इतकं मायेने लिहिता, तुम्ही माणसांशीही असेच असाल.' त्याने उत्तर दिलं, 'माणसांशी मला तितकं जमत नाही. पण गुरुवारी थोडं जमतं.'

ते वाक्य तिने किती वेळा वाचलं, ते मोजायला कुठलीही सेवा पुरली नसती.

मग तक्ता पुरा करायची वेळ आली. फुकटचे दिवस संपत होते, एक सेवा निवडायची होती. तक्ता स्पष्ट सांगत होता – कबूतर. अक्षरं स्वच्छ, स्पॅममध्ये जात नाही, रिपोर्ट चोख. पण रिपोर्ट चोख, तीच तर पंचाईत! तो नुसता वरचा आकडा बघून खूश व्हायचा. एके दिवशी खाली गेला असता, तर त्याला दिसलं असतं, की शिक्षक, नवरी, दंतवैद्य, सगळे एकाच ठिकाणी बसून, पाच पाच मिनिटांच्या अंतराने पत्र उघडतात. देवमासा तसं काही दाखवत नव्हता. नुसती बेरीज दाखवायचा.

"देवमासा घ्या तुम्ही," ती म्हणाली.

"असं? मला वाटलं, कबूतर."

"कबुतराची पत्रं मध्ये मध्ये स्पॅममध्ये जातात. मी बघितलंय."

"तुम्ही बघितलंय म्हणजे झालंच," तो म्हणाला, आणि तिच्या हातातलं पेन घेऊन स्वतः तक्त्यात लिहिलं. कबूतर : स्पॅममध्ये जातं. दोन महिन्यांत त्या तक्त्यात लिहिलेलं पहिलं खोटं. आणि ते त्याच्या अक्षरात!

*

पाऊस संपत आला होता, पण आभाळ काही मोकळं होत नव्हतं. तसल्या एका गुरुवारी तो आला, समोर बसला, आणि हात टेबलावर ठेवून म्हणाला, "ठरलं. मी राहतोय."

ती पुढे सरकून बसली.

"उद्या सकाळी अकराला मालक येतोय. वर्षाचा करार करतोय. साठवलेलं सगळं त्यात जाईल, पण जाऊ दे. एकेचाळीस नवी माणसं आहेत यादीत, आणि पत्र उघडणारेही तेवढेच वाढलेत. तेवढेच! पाऊस थांबला की येतील ती. मी आज सगळ्या टाक्या घासल्या." मग खाली बघत, जरा अडखळत – "ताईला नाही म्हणून कळवलं. ती म्हणाली, सोमवारपर्यंत जागा धरून ठेवते, विचार कर. पण मी म्हटलं... इथे माझं कुणीतरी... म्हणजे इथे माझी माणसं आहेत."

तो तिच्याकडे बघत होता. तिने फक्त 'हो' म्हणायचं होतं. नाही तर काही म्हणायचंही नव्हतं! गप्प बसली असती तरी तो राहणार होता. तिला हवं होतं तेच होणार होतं.

"अभिनंदन," ती म्हणाली. आणि छत्री विसरून भिजत घरी आली.

आत्याने तिला टॉवेल दिला आणि काही न विचारता समोर बसली. आत्या विचारत नाही म्हटल्यावर सांगावंच लागतं. तिने सगळं सांगितलं. शिक्षक, नवरी, दंतवैद्य. देवमाशापर्यंत सगळं.

आत्याने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाली, "एकेचाळीस? अगं, दोन-चार करून थांबायचंस तरी!"

"आत्या!"

"बरं, मग आता?"

"नाही सांगितलं तर तो राहील."

"राहील की. वर्षभर राहील. रोज दार उघडून त्या शिक्षकांची वाट बघेल बिचारा." आत्या उठली. "आणि तू रोज बघशील त्याला वाट बघताना. जमेल?"

तिला नाही जमणार, हे आत्याला माहीत होतं. तिलाही.

*

सकाळी साडेदहाला ती तळघराच्या पायऱ्या उतरली. एवढ्या दिवसांत ती तिथे आलीच नव्हती... गुरुवार, वाचनालय आणि पत्रं, एवढंच होतं त्यांचं. खाली निळसर उजेड होता. पंपांची गुणगुण. आणि रांगेने टाक्या, काच इतकी लख्ख की पाणी नुसतं हवेत उभं आहे असं वाटावं. त्याने नवीन शर्ट घातला होता.

"अरे वा! साक्षीदार म्हणून आलात?"

"शिक्षक नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"ते निवृत्त शिक्षक. ते नाहीत. ती नवरी नाही, दंतवैद्य नाही... एकेचाळीसच्या एकेचाळीस मी आहे." श्वास लागला होता, पण आता थांबली तर संपलंच. "आणि देवमासा चांगला नाही. कबूतरच चांगलं. तेही मी खोटं सांगितलं."

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि ते हसू त्याच्या चेहऱ्यावर जरा वेळ तसंच राहिलं, काढायचं विसरून गेल्यासारखं.

"मुलगा बोलत नाही, ती आई..." तो म्हणाला. "मी तिच्यासाठी दोन मासे बाजूला काढून ठेवलेत."

त्याने त्या दोन माशांच्या टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"का?"

"तुम्ही जाल म्हणून."

पंप गुणगुणत राहिले. तो काउंटरमागे गेला, काँप्युटर चालू केला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "काढ ते सगळे. माझ्यासमोर."

ती बसली. एकेक नाव काढू लागली. प्रत्येक वेळी पडदा विचारायचा – नक्की काढायचं का? प्रत्येक वेळी हो. तो मागे उभा राहून वाचत होता. "शिक्षक... नवरी... दंतवैद्य... हा कोण?"

"आगबोटीवरचा स्वयंपाकी. सुट्टीवर आलेला."

"मासे बघून कंटाळला नाही तो?" चटकन बोलून गेला, आणि बोलल्याचा त्याला स्वतःलाच राग आला. "काढ. त्यालाही काढ."

शेवटचं नाव गेलं तेव्हा आकडा पुन्हा चारशे बारावर आला होता. त्यातले पत्र उघडणारे किती, ते त्याने विचारलं. तिने सांगितलं. एकवीस.

वर दारात मालकाच्या बुटांचा आवाज आला. तो तिच्या मागून निघून दोन पायऱ्या चढला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू जा आता."

त्याने करार केला नाही. आत्याने दुपारी बाहेरून बातमी आणली. तिने ऐकली आणि खणातली बटणं पुन्हा पुन्हा मोजत बसली.

*

रविवारी सकाळी तिला त्याचं पत्र आलं. तिला एकटीला नाही, यादीतल्या सगळ्यांना. कबुतरातून पाठवलेलं. 'दुकान बंद करतोय. मासे विकायचे नाहीत. ज्यांना नीट सांभाळता येतील त्यांनी भांडं घेऊन यावं आणि एक मासा घरी न्यावा. दहा ते पाच.' इतकंच. कुठे पाय घसरलेलं वाक्य नाही.

ती पावणेदहाला जाऊन उभी राहिली. तो ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. नुसती जाळी तिच्या हातात दिली.

आणि लोक आले! कुठून कुठून आले. बरण्या घेऊन, बादल्या घेऊन, एक आजी तर दुधाची किटली घेऊन. त्याच फळीवरून, त्याच चिखलातून, रांग थेट रस्त्यापर्यंत. "अरेरे, बंद का करताय? इतकं छान दुकान!" प्रत्येक जण तेच म्हणत होता. तुम्ही होता कुठे इतके दिवस, असं तिच्या अगदी ओठांवर येत होतं. पण ती पिशव्यांत पाणी भरत राहिली. तो प्रत्येकाला समजावत होता. खायला किती घालायचं, पाणी कधी बदलायचं, कुणाशेजारी कुणाला ठेवायचं नाही. त्याचा घसा बसला.

चार वाजता शेवटची टाकी रिकामी झाली. त्याने पंप बंद केले. एकामागून एक. शेवटचा बंद झाल्यावर जी शांतता पडली, ती तिला सहनच होईना.

"तुम्ही रागावला आहात," ती म्हणाली.

"हो."

"किती?"

"पुष्कळ." तो रिकाम्या टाकीच्या कडेवर टेकला. "मी त्या माणसांना रोज आठवायचो, माहितीये? शिक्षक आज काय करत असतील, तो मुलगा टाकी बघून काही बोलेल का... माझ्या आयुष्यात कधी इतकी माणसं नव्हती. आणि ती तू एका सकाळी काढून घेतलीस." मग बोटाने टाकीची कड पुसत – "पण आणखी एक दिवस उशिरा सांगितलं असतंस, तर माझं काही उरलं नसतं. तेही खरंच आहे."

तिने खाली मान घातली. हातातल्या जाळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या एकेचाळीस जणांना काय आवडायचं? मासे?"

"मासे नाही."

"मग?"

आता इथे ना शिक्षक होते, ना नवरी. पत्र नव्हतं, पडदा नव्हता. तिला स्वतःलाच बोलायचं होतं.

"तुम्ही," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. मला. एकटीला."

त्याने डोळे मिटले. उघडले. "हे पहिल्याच महिन्यात सांगायचं होतंस. फुकटातलं काम होतं."

ती रडता रडता हसली, आणि मग हसता हसता नुसतीच रडली. तो उठला, आणि तिच्या हातातली जाळी काढून घेऊन खाली ठेवली. तिचा हात मात्र ठेवून दिला. स्वतःच्या हातात. थंडगार होते दोघांचेही हात, दिवसभर पाण्यात असलेले.

"उद्या सकाळची गाडी आहे," तो म्हणाला.

"पत्र पाठवाल?"

"नाही."

तिने झटकन वर पाहिलं.

"पत्रात आपण दोघंही फार हुशार होतो. मला आता पत्र नको. सुट्टी मिळाली की येईन. समोर बसून बोलू."

"आणि नाही आलात तर?"

"तर नाही आलो, हे दिसेलच तुला. त्याला काही रिपोर्ट लागत नाही." तो किंचित हसला, पण डोळे काही हसले नाहीत. "राग गेला पाहिजे आधी. तो असा बटण दाबून जात नाही गं."

*

गाडी आठची होती. ती गेली नाही. तो 'ये' म्हणाला नव्हता, आणि न बोलावता त्याच्या आयुष्यात शिरायचं तिने आता पुरे केलं होतं. दुकान उघडलं, पुसलं, काँप्युटर लावला. एका शिंप्याने राखाडी कोटाचा फोटो पाठवला होता. तिने खण उघडला, बंद केला. दुसरा उघडला.

सव्वाआठला आत्या आली. घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"येणार आहे?"

"माहीत नाही."

"येईल म्हणाला का?"

"म्हणाला. पण राग गेल्यावर."

आत्याने पिशवी खुंटीला लावली, चष्मा पुसला, आणि तिच्या हातातून तो खण काढून घेतला. "मागच्या खोलीत जा आणि चांगला अर्धा तास रडून घे. कोटाचं मी बघते."

"मी कुठे रडतेय?"

"नाही ना? मग राखाडी कोटाला गुलाबी बटणं का काढलीस?"

तिने खाली पाहिलं. खरंच गुलाबी होती. ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.